दारूचा बाण कोणीं केला?

(शाहूवाडी येथें झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळींत आपलीं मुलें रिकाम्या बाटलींत एक काडी उभी करतात, काडीच्या वरच्या टोंकाला बांधलेल्या कागदी नळीची वात पेटवितात, आणि सूं करून ती आभाळांत गेली कीं टाळ्या पिटतात. शाळेंत जाणारीं मुलें तिला रॉकेट म्हणतात. घरांतले म्हातारे तिला बाण म्हणतात, आणि नातवंडें त्यांना हंसतात. हंसण्याचें कारण नाहीं. म्हाताऱ्यांचा शब्द खरा आहे. तीनशें वर्षांपूर्वीं राज्याच्या कागदांत ही वस्तु याच नांवानें लिहिली जात होती, आणि ती खेळण्याची नव्हती, माणूस मारण्याची होती.

मला येथें बोलावतांना गडकोटांवर बोला असें सांगण्यांत आलें. विशाळगड तुमच्या तालुक्यांत, पावनखिंड तुमच्या तालुक्यांत. गडांवर बोलणारे येथें पुष्कळ येऊन गेले असतील आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षां मोठा असेल. म्हणून मी गडाच्या एकाच कोपऱ्यांत तुम्हांस नेणार आहे. तो कोपरा म्हणजे दारूखाना. त्यांत तोफेच्या दारूशेजारीं जे बाण ठेवलेले असत, ते कसे होते, कोठून आले, कोणाच्या हातांनीं झाले, आणि शेवटीं ते आमच्याच छातीवर कसे आले, एवढाच आजचा विषय आहे.

आरंभीं एक जळमट झाडून टाकूं. बाण हा शब्द ऐकला कीं कांहीं विद्वानांना लगेच रामायण आठवतें. अग्न्यस्त्र म्हणजेच रॉकेट, आमच्या ऋषींना सर्व ठाऊक होतें, असें ते भर सभेंत सांगतात आणि आपण माना डोलावितों. बंधुहो, हें खरें नाहीं. नळींत कोंडलेली आग वाऱ्यावांचून जळावयाची असेल तर तिला सोरा लागतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू प्रथम चीन देशांत झाली आणि तेथून ती हळूहळू पश्चिमेकडे व दक्षिणेकडे पसरली. आमच्या देशांतल्या लढायांच्या खऱ्याखुऱ्या हकीकतींत दारूचा बाण अकबर बादशहाच्या काळीं ठळकपणें दिसूं लागतो. फारसी लिहिणारे त्याला बान म्हणत. १६५८ सालीं दारा आणि औरंगजेब या भावांची सामूगड येथें लढाई झाली, त्या वेळीं काठीला दारूची नळी बांधून फेंकणारी माणसें फौजेंत होतीं असें बर्निये नांवाच्या फ्रेंच वैद्यानें लिहून ठेविलें आहे. दुसऱ्या देशांतून आलेली विद्या घेतली यांत कमीपणा कसला? पण पोथींतल्या बाणाचा अभिमान धरणाऱ्याला, सोऱ्याची माती कोणत्या भिंतीखालची खणावी, हें विचारून पाहा. तो गप्प बसेल. तें ज्ञान ज्याच्यापाशीं होतें त्याला पोथीला हात लावण्याची बंदी होती.

आतां बाण होता कसा तें पाहूं. हातभर नव्हे, वीत-सव्वावीत लांबीची नळी. एक तोंड बंद, दुसऱ्या तोंडाला लहान छिद्र. आंत दारू ठासलेली. ही नळी चार-पांच फूट लांबीच्या बांबूच्या काठीला चामड्याच्या वादीनें घट्ट आवळलेली. वात पेटविली कीं आंतली दारू जळूं लागते, धूर व वायु मागच्या छिद्रांतून जोरानें बाहेर पडतात, आणि नळी पुढें धांवते. तोफेंत दारू एका क्षणांत पेटते आणि गोळा ढकलून मोकळी होते. बाणाची दारू मात्र सावकाश आणि सारखी जळत राहिली पाहिजे. म्हणून ती थरावर थर देऊन ठासावी लागते. ठासतांना मध्यें पोकळी राहिली किंवा भेग पडली तर आग त्या भेगेंत शिरते आणि बाण उडण्याऐवजीं पेटविणाऱ्याच्या हातांतच फुटतो.

काठीचें काम पतंगाच्या शेपटीचें. काठी नसेल तर नळी जागच्या जागीं गिरक्या घेईल. काठी आंखूड झाली, वांकडी निघाली, एका बाजूला जड झाली, तर बाण वाट सोडतो. तुमच्या रानांत चिवा उगवतो. सरळ वाढलेला, पेरांत सारखा, पक्का पण फार जुना न झालेला चिवा कोणता, हें तुमच्या बुरुडाला हात फिरवून कळतें. सोऱ्यासाठीं जुन्या भिंतींची आणि गोठ्यांची खारी माती खणून, पाण्यांत कालवून, तें पाणी आटवावें लागे. कोळसा रानांत लोणारी पाडीत. लोखंडाचा दगड सह्याद्रीच्या माथ्यावर धावड भट्टींत गाळीत. नळी लोहाराची, वादी चांभाराची. एक बाण उडविण्यापूर्वीं तो किती हातांतून जात असे याचा हिशेब करा.

या व्याख्यानाच्या तयारींत मी एका वयस्क लोहारदादांच्या सालींत जाऊन बसलों. मीं त्यांना चित्र काढून दाखविलें आणि विचारलें, दादा, अशी नळी तुम्ही कशी कराल? त्यांनीं चित्राकडे दोन मिनिटें पाहिलें आणि म्हणाले, "मास्तर, त्यात काय न्हाई. पत्रा तापवायचा, सळईवर वळवायचा, कडंवर कड चढवून ठोकायची. पर एक तोंड बुजवायचं हाय न्हवं, तितं खरं काम. फुटलं तर तितंच फुटतंय." बंधुहो, पुढें मी इंग्रज माणसांचीं पुस्तकें पाहिलीं. नळी फुटूं नये म्हणून मोठमोठ्या कारखान्यांना जी चिंता होती, ती या गृहस्थांनीं चित्र पाहून दोन मिनिटांत सांगितली होती. ते शाळेंत दुसरीपर्यंत गेले आहेत.

आपल्या राज्यांत हे बाण होते याचा पुरावा कोल्हापूरच्याच घरांतला आहे. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनीं कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत, १७१५ च्या सुमारास, राज्य कसें चालवावें यावर आज्ञापत्र लिहिलें. पंत ब्राह्मण होते, पण माणूस कामाचा आणि डोळे उघडे ठेवून वागणारा होता, हें कबूल करण्यास मला संकोच वाटत नाहीं. गडावरच्या दारूखान्याविषयीं त्यांनीं बारकाईनें लिहिलें आहे. दारूखाना वस्तीला लागून नसावा, भोंवतीं कुंपण असावें, तळघर करून त्यांत माच घालावा आणि वर दारू ठेवावी. बाण आणि होके, म्हणजे हातानें फेंकावयाचे दारूचे गोळे, मधल्या घरांत ठेवावे. सर्द होऊं देऊं नयेत. आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन सर्व बाहेर काढावें, ऊन द्यावें, आणि पुन्हां आंत ठेवून मोहोर करावी.

हें वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें दुसरा कोणताही गड येत नाहीं, विशाळगडच येतो. गजापूर आणि आंब्याकडचा पाऊस तुम्हांला मी काय सांगावा? चार महिने घरांतलें मीठ पाणी सोडतें, उशाची गोधडी बुरसते. सोऱ्याचेंही तसेंच, ओल लागली कीं दारू मरते. आषाढांत आठ दिवसांनीं ऊन कोठून आणावें हा प्रश्न त्या हवालदाराला पडत असेलच. १६६० च्या जुलैंत शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, बाजीप्रभु आणि बांदलांच्या मावळ्यांनीं खिंड अडविली, तें काम तलवारीचें होतें. त्या पावसांत दारूचा भरंवसा धरणारा शहाणा नव्हे. पुढें औरंगजेबानें १७०१ च्या अखेरीस याच गडाला, तेव्हांच्या खेळण्याला, वेढा घातला. गडावर परशुराम त्रिंबक होते. बादशहाच्या पदरीं हिंदुस्थानांतला सर्वांत मोठा तोफखाना होता; तरी १७०२ च्या जूनमध्यें गड हातीं आला तो दोन लाख रुपये मोजून. आणि गड घेतल्यावर तेथून पन्हाळ्यापर्यंतचे तीस मैल जावयास त्या फौजेला अडतीस दिवस लागले. ओढे, चिखल आणि वाहून जाणारीं जनावरें! ज्यानें चार महिने पावसांत दारू कोरडी राखली, तो हवालदार, तो घिसाडी, तो माच घालणारा सुतार, हेही गड राखणारेच होते.

पण आज्ञापत्रांतली एक गोष्ट तुमच्या ध्यानांत आली काय? बाण ठेवावा कसा तें तेथें आहे. बाण करावा कसा तें नाहीं. हा पंतांचा दोष मी म्हणत नाहीं. त्यांचा ग्रंथ राज्यनीतीचा आहे. परंतु बाण करण्याचा दुसराही ग्रंथ आमच्या लोहारानें किंवा दारू ठासणाऱ्यानें लिहिलेला नाहीं. येथून पुढची सगळी कथा या उणिवेची आहे.

पानिपताचें थोडक्यांत सांगतों. १४ जानेवारी १७६१ रोजीं नजीबखानाचे रोहिले जनकोजी शिंद्यांच्या समोर होते. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजानें त्या दिवसाची हकीकत लिहिली आहे. रोहिले एकेका फैरींत दोन दोन हजार बाण सोडीत, त्यांच्या आवाजानें घोडीं बुजत आणि मराठ्यांना चाल करून जातां येईना, असें तो म्हणतो. दोन हजार हा आंकडा मोजून घेतलेला नसेल. लढाईंत मोजणार कोण? पण बाणाचा खरा गुण त्यांत कळतो. बाण नेमका लागत नाहीं. तो भरकटतो, जमिनीवर आपटून पुन्हां उसळी मारतो, सापासारखा वळतो, कधीं कधीं सोडणाऱ्याकडेच परततो. मात्र घोड्याला आणि हत्तीला तो वैरी. ज्या फौजेचें सारें बळ घोड्यांत, तिला बाण फार जड जातो. शिवाय तोफेला गाडा लागतो, बैल लागतात, वाट लागते. बाणाला गाडा नको, कारण त्याचा मागें धक्का बसत नाहीं. एक माणूस चार-सहा बाण खांद्यावर घेऊन कडा चढतो, आणि एका उंटावर त्यांचें ओझें भरतां येतें.

असें असतां मराठ्यांनीं बाण टाकला होता काय? मुळींच नाहीं. बखरींत बाणांच्या कैच्या ठिकठिकाणीं भेटतात. बाणदार हा शब्द सर्वांना ठाऊक होता. आणि येथें एका इंग्रजाची साक्ष आहे, ती मला फार मोलाची वाटते. १७७५ सालीं राघोबादादांच्या मदतीला इंग्रजांची फौज गुजराथेंत गेली, तींत जेम्स फोर्ब्स नांवाचा गृहस्थ होता. मराठ्यांच्या बाणांनीं आम्हांला पुष्कळदां त्रास दिला असें तो लिहितो आणि पुढें मापें देतो. लोखंडी नळी, लांबी आठ ते दहा इंच, रुंदी जवळजवळ दोन इंच. ती कधीं लोखंडी गजाला, कधीं सरळ दुधारी तलवारीला, पण बहुधा चार-पांच फुटांच्या भक्कम बांबूला बांधलेली, आणि पुढें लोखंडी टोंक.

लोखंडी नळी! हे दोन शब्द मनांत ठेवा. त्या काळीं युरोपांत जे बाण उडवीत त्यांची नळी कागदाच्या पुठ्ठ्याची असे. पुठ्ठ्यांत दारू जोरानें ठासली तर तो फाटतो. म्हणून तो बाण शोभेपुरता राहिला. लोखंडांत ठासलेली दारू कोंडली जाते, वायूचा जोर वाढतो, बाण दूर जातो. ही युक्ति हिंदुस्थानच्या भात्यावर निघाली. कागदाच्या नळीऐवजीं लोखंडाची नळी प्रथम कोणीं वळविली, त्याचें नांव कोणत्याही दप्तरांत नाहीं. पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे होती हें आम्हांस ठाऊक आहे, कारण सरंजामाचे कागद आहेत. ज्याला सरंजाम नाहीं त्याला कागद नाहीं.

आतां म्हैसूरकडे वळूं. हैदरअल्लीचा बाप अर्काटच्या नबाबाच्या चाकरींत पन्नास बाणदारांवर नाईक होता. म्हणजे बाण हा त्या घरचा धंदाच. हैदर स्वतः निरक्षर, पण बाणाची किंमत त्याला लहानपणापासून कळत होती. त्याच्याजवळ सुमारें बाराशें बाणदार होते आणि टिपूनें ती संख्या पांच हजारांवर नेली असें इंग्रजी पुस्तकांत सांगतात. आंकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण खरी गोष्ट संख्येची नव्हे. टिपूनें बाणदारांना पलटणींत बसविलें. प्रत्येक कुशूनीला, म्हणजे त्याच्या पलटणीला, बाणदारांची तुकडी जोडलेली. नळीच्या जाडीप्रमाणें आणि निशाण किती दूर आहे त्याप्रमाणें बाण किती कलता धरावयाचा, याची तालीम. आमच्याकडे बाणदार हा हंगामी माणूस होता, मोहिमेला आला, मोहीम संपली कीं घरीं गेला. म्हैसुरांत तो शिपाई झाला.

१० सप्टेंबर १७८० रोजीं पोल्लिलूर येथें कर्नल बेलीची फौज हैदरानें बुडविली. इंग्रजांच्या दारूच्या गाड्या भर लढाईंत उडाल्या आणि तेथें त्यांचा कणा मोडला. त्या गाड्या बाणानें पेटल्या कीं तोफेच्या गोळ्यानें यावर इतिहासकारांचा वाद आहे. मी त्यांत पडत नाहीं. श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत बागेंत भिंतीवर या लढाईचें भलें मोठें चित्र आहे, त्यांत तो भडका दाखविला आहे. तुमच्यापैकीं कोणी म्हैसुरास सहलीला गेला तर तें चित्र चुकवूं नका.

पुढें ज्यानें नेपोलियनला हरविलें तो वेलस्ली, तेव्हां नुसता कर्नल, ५ एप्रिल १७९९ च्या रात्रीं श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेठेच्या झाडींत शिरला. काळोख, ओढा, आणि समोरून बंदुका व बाण. त्याची फौज गोंधळली आणि त्याला मागें यावें लागलें. दुसऱ्या दिवशीं उजेडीं त्यानें ती जागा घेतली खरी, पण ती रात्र तो जन्मभर विसरला नाहीं. ४ मे रोजीं पट्टण पडलें, टिपू लढतां लढतां मेला. किल्ल्यांत इंग्रजांना जें सांपडलें त्यांत सातशें भरलेले बाण आणि नऊ हजार रिकाम्या नळ्या होत्या. नऊ हजार! एका लोहाराच्या सालींतलें हें काम नव्हे. शेंकडों भाते एका मापावर चालल्यावांचून एवढ्या नळ्या होत नाहींत.

यांतल्या कांहीं नळ्या विलायतेस गेल्या. लंडनजवळ वुलिच येथें सरकारी दारूचा कारखाना होता, त्याच्या मुख्याधिकाऱ्याचा मुलगा विल्यम काँग्रीव्ह यानें तो विषय हातीं घेतला. या माणसानें काय केलें तें नीट ऐका, कारण माझ्या व्याख्यानाचा सांधा येथें आहे. त्यानें प्रथम लंडनच्या बाजारांतले मोठ्यांत मोठे शोभेचे बाण पदरचे पैसे खर्चून विकत आणले, उडविले आणि ते किती दूर गेले तें मोजलें. पांचशें-सहाशें यार्ड भरले. हिंदुस्थानचा बाण त्याच्या जवळजवळ दुप्पट जातो हें त्याला ठाऊक होतें. मग त्यानें दारूचें मिश्रण बदललें, मोजलें. नळी बदलली, मोजलें. काठी बदलली, मोजलें. पंधराशें यार्ड, दोन हजार यार्ड असें करीत तो तीन हजारांपर्यंत गेला. प्रत्येक वेळेचा आंकडा त्यानें लिहिला, चित्रें काढलीं, आणि १८१४ सालीं मापांसकट पुस्तक छापलें. १८०६ सालीं बूलोन बंदरावर आणि १८०७ सालीं कोपनहेगन शहरावर इंग्रजांनीं हे बाण सोडले; कोपनहेगनचा मोठा भाग जळला. १८१४ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोरच्या किल्ल्यावर ते सोडले, त्याची आठवण त्या देशाच्या राष्ट्रगीतांत राहिली आहे. आणि मग ते घरीं परत आले. १८१६ सालीं कंपनीच्या बंगाल फौजेंत बाणांची तुकडी उभी राहिली, आणि दुसऱ्याच वर्षीं हाथरसच्या किल्ल्यावर काँग्रीव्हचे बाण पडले. ज्या देशाची युक्ति, त्याच देशाच्या किल्ल्यावर!

कोणी म्हणेल, इंग्रजांनीं आमची विद्या चोरली. मला हें रडगाणें मान्य नाहीं. नळी त्यांनीं लुटींत नेली हें खरें. पण मोजण्याची आणि लिहिण्याची संवय त्यांनीं आमच्याकडून नेली नाहीं, ती त्यांची होती. काँग्रीव्ह हा कारखान्याच्या अधिकाऱ्याचा मुलगा, लिहितावाचता, आणि तोच दारूनें हात काळे करीत होता. आमच्याकडे दारूनें हात काळे करणारा निराळा आणि दौतींत बोरू बुडविणारा निराळा. दोघांच्या मध्यें विटाळाची भिंत. लिहिणाऱ्यानें दारूखान्याची मोजदाद लिहिली, कारण ती त्याला बाहेरून दिसली. लोहारानें नळीचें तोंड कसें बुजविलें तें त्याला दिसलें नाहीं, आणि लोहाराला लिहितां येऊं नये अशी व्यवस्था होती. फोर्ब्ससारखा परका मनुष्य येतो, इंच लावून मोजतो आणि कागदावर उतरवितो, तेव्हां आम्हांला आमचा बाण कळतो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पण दोष सगळा दुसऱ्याच्या पदरीं घालणें मला आवडत नाहीं. आमच्या कारागिरांतही एक खोड आहे. बाप मुलाला सांगतो, जांवयाला सांगत नाहीं. शेजारच्या लोहाराला तर मुळींच नाहीं. मुलगा नसला किंवा तो पटकींत गेला कीं विद्या चितेवर जाते. असें तो कां करी, तेंही समजून घेतलें पाहिजे. त्याच्यापाशीं विकावयास तेवढें एकच होतें. बलुत्याच्या चार पायल्यांवर जगणाऱ्यानें आपली एकुलती एक पुंजी गांवापुढें उघडी कां मांडावी? मांडून त्याला कोण इनाम देणार होतें? म्हैसुरांतही नऊ हजार नळ्या वळविणाऱ्यांपैकीं एकाचेंही नांव आज आपण घेऊं शकत नाहीं.

नळ्या मात्र अजून निघतात. शिमोगा जिल्ह्यांत नगर म्हणून गांव आहे, जुन्या बिदनूरचें. तेथें २००२ सालीं एका कोरड्या विहिरींत शें-दीडशें नळ्या निघाल्या. लोकांना वाटलें जुने तोफगोळे असतील. पुढें २०१८ सालीं, मातीला दारूचा वास येतो म्हणून, पुन्हां खणलें तेव्हां हजारांवर नळ्या निघाल्या. टिपूच्या वेळच्या म्हणून त्या ओळखल्या गेल्या. दोनशें वर्षें मातींत राहूनही लोखंड टिकलें आणि वास टिकला. आणि आपल्या मुलखाची गोष्ट सांगावयाची तर पुण्यांत पाषाणला संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे, तेथें पिनाक नांवाची बाणांची गाडी तयार झाली. बारा बाण चव्वेचाळीस सेकंदांत सुटतात. पहिल्या जातीचे बाण अडतीस किलोमीटरच्या आसपास जात. १९९९ च्या कारगिलच्या लढाईंत ती वापरली गेली. तिला शिवाच्या धनुष्याचें नांव दिलें आहे. तिचा प्रत्येक सांधा कागदावर आहे, आणि तो कागद ज्या मुलामुलींनीं काढला त्यांत बलुतेदारांचीं नातवंडेंही असतील, कारण शाळेचें दार आतां कोणाला बंद करतां येत नाहीं.

एक सूचना लहान मुलांसाठीं. मी सांगितलें म्हणून कोणी घरीं दारू ठासूं नये. गुन्हा आहे, आणि हात जातो.

मोठ्यांना एक विनंति आहे. ज्यांच्या माळ्यावर, वळचणीला, पडक्या वाड्यांत एका तोंडानें बंद अशी जुनी लोखंडी नळी असेल, त्यांनीं ती भंगारवाल्याला किलोवर देऊं नये. तापवूंही नये, आंत दारू असूं शकते. हात न लावतां ती जागच्या जागीं राहूं द्यावी आणि तहशील कचेरींत वर्दी द्यावी.

त्या लोहारदादांपाशीं मी पुन्हां तीनदां गेलों. नळीचें झालें, मग बोलतां बोलतां नांगराच्या फाळाला पाणी कसें द्यावें, विळ्याच्या धारेला कोणता रंग आला म्हणजे तो पाण्यांत बुडवावा, भात्याचें कातडें कोणत्या जनावराचें टिकतें, असें पुष्कळ निघालें. तें सर्व मीं त्यांच्याच शब्दांत वहींत उतरविलें आहे, मापांसकट. अठ्ठेचाळीस पानें भरलीं आहेत. वहीवर नांव त्यांचें घातलें आहे. येथल्या शिक्षकबंधूंपैकीं ज्यांना नक्कल करून घ्यावयाची असेल त्यांनीं सभा संपल्यावर मला भेटावें. वही मीं बरोबर आणली आहे.